दिवस भरत आले असता

भारतातल्या नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे तिला अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. १९६१ च्या मूळ कायद्यात ही रजा १२ आठवड्यांची होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती वाढली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तोच हिशोब कायम ठेवला. या हक्काशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीआधी ६ आणि नंतर ६ आठवडे रजा असावी असे ठरवले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, मुंबई इलाख्याने स्वतःचा कायदा केला. त्याचे विधेयक १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात आले तेव्हा प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तेव्हा सगळ्यांच्या नजरेसमोर होती गिरणीतली बाई. दिवसभर यंत्रापाशी राबून घरी परतल्यावर चूल पेटवणाऱ्या त्या बाईला रजेत काय करशील, असे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आज ही रजा घेणाऱ्यांत बँकेतली, शाळेतली, सॉफ्टवेअर कंपनीतली, जिल्हा परिषदेतली बाई आहे आणि तिच्यापुढे तो प्रश्न खरोखरच उभा राहतो. कामाचा ताबा दुसऱ्याकडे दिला, घरी आले, बाळ अजून यायचे आहे. मधल्या दिवसांचे काय करायचे? माझे म्हणणे असे की या दिवसांत नुसता आराम पुरत नाही आणि वेळ सत्कारणी लावण्याचा अट्टहासही झेपत नाही. हाताला काम हवे, पण ते तिने स्वतः निवडलेले, थोडे थोडे पुरे होत जाणारे आणि कधीही खाली ठेवले तरी वाया न जाणारे हवे.

या रजेचे वेगळेपण तिच्या शेवटात आहे. दिवाळीची सुट्टी कधी संपणार हे पहिल्याच दिवशी ठाऊक असते. ही केव्हा संपेल ते कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेली तारीख हा एक अंदाज असतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजायचे, ही रीत जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. सोनोग्राफीने ती बरीच सुधारली, तरी नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळे वीसात एखादेच. ३७ आठवडे पुरे झाल्यापासून ४२ व्या आठवड्यापर्यंत प्रसूती केव्हाही होऊ शकते; म्हणजे पाच आठवड्यांची मोकळी फट, आणि तिच्यातला कोणताही दिवस तो दिवस असू शकतो. पिशवी भरून दाराशी ठेवलेली असते. आत्याचा, मावशीचा, ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘अजून काही नाही ना?’ असे दिवस जड जातात ते आळसामुळे नव्हे. पुढे काय ठरवायचे याला आधारच नसतो, म्हणून जातात. उद्या सिनेमाला जाऊ म्हणावे तर उद्याचा भरवसा नाही. काहीच ठरवू नये तर सगळा दिवस स्वतःच्या पोटाकडे लक्ष देण्यात जातो. प्रत्येक ताण, प्रत्येक खोटी कळ, बाळाची प्रत्येक शांत दुपार मोठी होऊन समोर येते.

रिकामेपण माणसाला किती जड जाते, याचे दोन प्रयोग इथे सांगण्यासारखे आहेत. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना सहा ते पंधरा मिनिटे काहीही न करता, स्वतःच्या विचारांच्या सोबतीने बसायला सांगितले होते. बहुतेकांना ते सुखाचे वाटले नाही. एका फेरीत हाताशी विजेचा सौम्य झटका देणारे बटण ठेवले, तर १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी पंधरा मिनिटांत ते स्वतःवर वापरून पाहिले. दुसरा प्रयोग २०१० चा, ख्रिस्तोफर शी आणि सहकाऱ्यांचा, आणि आपल्या विषयाला तो अधिक लागू पडतो. विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि सांगितले की ती इथेच शेजारी देऊन पंधरा मिनिटे थांबा, नाहीतर दूरच्या ठिकाणी चालत जाऊन देऊन या. दोन्हीकडे चॉकलेट मिळणार होते. चॉकलेट सारखेच असले तर बहुतेक जण शेजारी देऊन नुसते बसले. दोन ठिकाणची चॉकलेटे वेगळी असतील, तर बहुतेकांनी लांबची वाट धरली. आणि चालून आलेले नंतर बसून राहिलेल्यांपेक्षा खुशीत होते. म्हणजे माणसाला कामात असणे आवडते, पण उठायला निमित्त लागते, मग ते निमित्त चॉकलेटाएवढे का असेना. हे प्रयोग गरोदर बायकांवर झालेले नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. विद्यार्थ्याचे पंधरा मिनिटांचे बसणे आणि नववा महिना यांत फार अंतर आहे. म्हणून जिथे गरोदर बायकांनाच महिनोन्‌महिने निजवून ठेवले गेले, तिकडचा पुरावा पाहायला हवा.

मुदतीआधी प्रसूती होण्याची भीती असली की बाईला पलंगावरून उठू द्यायचे नाही, ही पद्धत विसाव्या शतकात जगभर रुळली. अमेरिकेतल्या ज्युडिथ मालोनी या परिचारिका-संशोधिकेने १९९० च्या दशकात अशा बायकांचा बारकाईने अभ्यास केला. पोटऱ्यांचे स्नायू अशक्त झालेले, वजन वाढायच्या काळात घटलेले, मन उदास आणि वैतागलेले, असे चित्र तिला दिसले. बाळंतपणानंतरही या बायकांना उभे राहून ताकद परत मिळवायला आठवडे लागत. हाडे झिजणे आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होणे हे धोकेही पुढे आलेच. उलट, निजून राहिल्याने मुदतीआधीची प्रसूती टळते याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही, म्हणून अमेरिकेतली प्रसूतितज्ज्ञांची संघटना आता सरसकट पलंगावर निजवण्याचा सल्ला देऊ नये असे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये, काही अडचण नसलेल्या गरोदर बाईने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, अशी शिफारस केली. वार खाली असणे, रक्तदाब चढणे, पाणी जाणे अशा प्रसंगी मात्र काय करायचे आणि काय टाळायचे ते डॉक्टरच ठरवतील. तिथे कोणत्याही पुस्तकाने बोलू नये. पण ज्यांना अशी अडचण नाही, त्यांना ‘आता फक्त पडून राहा’ असे प्रेमाने सांगणारी आई, सासू किंवा नवरा जे सांगतात त्याला वैद्यकाचा आधार नाही.

मग काम कोणते? इथे आपल्याकडच्या एका जुन्या चालीकडे पाहण्यासारखे आहे. बाळंतविडा, म्हणजे होणाऱ्या बाळासाठी आणि बाळंतिणीसाठी तयार करायचे सामान: झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची, गोधडी. सासर-माहेरच्या बायका आणि बाळंतीण होणारी स्वतः हे शिवत, विणत, जुन्या साड्या धुऊन मऊ करत. फिनलंडमध्ये गरजू मातांसाठी सरकारने १९३८ पासून बाळाच्या कपड्यांची आणि अंथरुणाची पेटी द्यायला सुरुवात केली. १९४९ पासून ती सगळ्यांनाच मिळू लागली. तिकडे जे सरकारने वाटले ते इकडे बायकांच्या हातांनी झाले, आणि त्यात त्यांचे शेवटचे आठवडेही गेले. आता दुकानात सगळे मिळते, म्हणून ही चाल मागे पडली. पण कपड्याची गरज संपली तरी कामाची गरज तशीच राहिली, याकडे आपले लक्ष जात नाही.

क्रोशाचे टोपडे कसे होते, ते जरा जवळून पाहा. पाच-सहा साखळ्यांची गोल कडी करायची, तिच्यात खांब भरायचे, पुढच्या ओळीत खांब वाढवत न्यायचे. चकती बाळाच्या टाळूएवढी झाली की वाढवणे थांबवून सरळ ओळी घालायच्या. एक ओळ म्हणजे पाच-सात मिनिटांचे काम, आणि प्रत्येक ओळ आपल्यापुरती पुरी. क्रोशाच्या सुईवर एका वेळी एकच फास असतो. मध्येच उठावे लागले तर तो थोडा सैल ओढून ठेवायचा, की झाले. परत आल्यावर तिथूनच पुढे. दोन सुयांवरच्या विणकामात स्वेटरच्या पाठीचे साठ-सत्तर टाके एकदमच सुईवर असतात. घाईत ठेवले आणि सुई निसटली तर टाके गळतात आणि दोन सुलट, दोन उलटचा हिशोब पुन्हा लावत बसावे लागते. म्हणून मी क्रोशाला झुकते माप देईन. गोधडीचेही तसेच. थर कडेने टाचून घेतले की धावदोऱ्याच्या ओळी कुठेही थांबवता येतात. अर्धी राहिलेली गोधडीही पांघरता येते. प्रत्येकीने सुई-दोराच हाती घ्यावा, असे माझे म्हणणे नाही. कुंडीत मेथी पेरणे, फोटोंचे खोके निवडून पाठीमागे तारीख-नाव लिहिणे, आजीच्या पाककृती तिच्या तोंडून ऐकून वहीत उतरवणे, पेटीवर रोज एक अलंकार वाजवणे, यांतही तेच गुण आहेत. पाहायचे एवढेच की आत्ता या क्षणी उठावे लागले तर काय बिघडेल? काहीच बिघडणार नसेल, तर ते काम या दिवसांचे.

शरीराच्याही अटी आहेत आणि त्या मोडून चालत नाही. शेवटच्या महिन्यांत अंगात पाणी साठते, मनगटातली नस दाबली जाते आणि बोटांना मुंग्या येतात. पुष्कळ जणींना हा त्रास होतो. तेव्हा सुई खाली ठेवून हात मोकळे करायला हवेत. एका जागी तासभर बसणे पायांच्या सुजेला बरे नाही. रात्री दोन-तीनदा उठावे लागते, कुशीवरच निजावे लागते, झोप तुकड्यातुकड्यांची होते, त्यामुळे सकाळी उत्साहाने ठरवलेले दुपारी नकोसे वाटते. विसरायला होते अशी तक्रार तर घरोघर ऐकू येते, आणि ती कल्पनेतली नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, स्मरणशक्ती आणि एकाग्रता थोडी उतरते असे त्यात दिसले. उतार लहान होता आणि बहुतेक वेळा नेहमीच्या मर्यादेतलाच होता. पण त्यावरून एवढे नक्की समजते की स्पर्धा परीक्षेचा अभ्यासक्रम पुरा करायला हा काळ निवडणे स्वतःवर अन्याय करण्यासारखे आहे. ‘सहा आठवडे मोकळे मिळालेत, एखादा कोर्स करून टाक’ हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो. त्यातली खोट अशी की कोर्सला तारखा असतात आणि बाळाच्या तारखेशी त्यांचे जमत नाही. अर्धा राहिलेला कोर्स बाळंतिणीच्या खोलीत अपराधाची भावना घेऊन शिरतो. अर्धे राहिलेले टोपडे तसे करत नाही. पुस्तक वाचण्यात जिचा जीव रमतो तिने खुशाल वाचावे, फक्त परीक्षा डोक्यावर न घेता.

याहून जड ओझे गर्भसंस्काराच्या नावाने येते. शहरांतून त्याचे वर्ग चालतात, सीडी आणि ॲप विकली जातात. बाईने या काळात काय ऐकावे, काय वाचावे, काय रंगवावे, यावर बाळाची बुद्धी अवलंबून असल्याचे सांगितले जाते. यातला खरा भाग आधी मान्य करू. पोटातल्या बाळाला २४ ते २८ व्या आठवड्यांच्या सुमारास आवाज कळू लागतो. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवले की तीन दिवसांच्या आतले अर्भक परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करते. १९८६ मध्ये डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी काही बायकांना गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत मुलांच्या गोष्टीतला एकच उतारा रोज दोनदा मोठ्याने वाचायला सांगितले. जन्मानंतर ती बाळे चोखणी चोखण्याची लय बदलून तो ओळखीचा उतारा ऐकू पाहत, वाचणारी दुसरी बाई असली तरीसुद्धा. हे विलक्षणच आहे. पण ही ओळख आहे. बाळ त्यामुळे हुशार निघते, असे या संशोधकांनी म्हटलेले नाही. मोझार्टच्या संगीताने बाळ हुशार होते ही कथा तर त्याहून दूरची. १९९३ च्या ज्या प्रयोगावर ती उभी आहे, त्यात एकही बाळ नव्हते आणि एकही गरोदर बाई नव्हती. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे संगीत ऐकले आणि आकृत्यांची कोडी सोडवण्यात त्यांना थोडा वेळ, दहा-पंधरा मिनिटे, जरा अधिक यश आले, इतकेच. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिफीत देण्याचा प्रस्ताव आणला. मला या सगळ्याचा राग येतो तो एका कारणाने. बाई अभंग गुणगुणत असेल तर ती स्वतःच्या आनंदासाठी गुणगुणते. त्या आनंदावर मुलाच्या गुणपत्रिकेचा भार टाकला की तो आनंद राहत नाही. एखाद्या दिवशी तिने काहीच वाचले-ऐकले नाही, उलट रडली, चिडली, तर आपण बाळाचे नुकसान केले असे तिला वाटू लागते. श्रद्धेने स्तोत्र म्हणणारीला कोणी अडवू नये. मात्र गर्भसंस्काराच्या वर्गाची फी भरू न शकलेल्या बाईचे मूल काही कमी पडत नाही, हेही तिला स्पष्ट सांगायला हवे.

यापेक्षा मोठी अडचण खुद्द घरातच असते. ऑफिस सुटले की घर तिच्या वेळेवर हक्क सांगते. ‘घरीच आहेस तर’ या तीन शब्दांनी गव्हाचे निवडण, मोठ्या मुलाचा अभ्यास, पाहुण्यांचा चहा, बँकेचे खेटे असे सगळे तिच्याकडे सरकते. मग कोणी म्हणेल, काम हवे होते ना, हे घ्या काम! पण नेमून दिलेले काम आणि निवडलेले काम यांत फरक आहे. एलन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात काही जणांना स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायला सांगितले, कुंडीतले एक रोप निवडून त्याची निगा त्यांच्याकडे दिली. दुसऱ्या गटालाही रोप दिले, पण ते सांभाळायचे कर्मचाऱ्यांनी. पहिला गट अधिक आनंदी आणि चलनवलन करणारा दिसला. रोप दोघांकडेही होते; निवड एकाच गटाकडे होती. तेव्हा घरच्यांनी करायची सगळ्यात मोठी मदत म्हणजे तिचा दिवस भरून न टाकणे. आणि एक सांगायलाच हवे: हातातले काम हे औषध नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने विकसनशील देशांत गरोदर स्त्रियांपैकी १५.६ टक्क्यांना मानसिक आजार असतो, मुख्यतः नैराश्य. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन सतत खिन्न असेल, आवडीचे कामही नकोसे होत असेल, तर क्रोशाची सुई पुढे करू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

हे सगळे मूठभर सुखवस्तू बायकांचे प्रश्न आहेत, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. रजेचा कायदा आस्थापनांना लागू होतो. ऊसतोडीला जाणारी, बांधकामावर विटा वाहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई त्याच्या बाहेर राहते आणि पुष्कळदा कळा सुरू होईपर्यंत राबते. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये आहेत. तेवढ्याने तिची किती आठवड्यांची मजुरी भरून निघते हे ज्याचे त्याने मोजावे. तिला आधी रजा मिळायला हवी, रजेत काय करावे हे नंतर. तरी एका बाईला रजाच नाही म्हणून दुसरीच्या रजेतली अस्वस्थता खोटी ठरत नाही. १९२९ मध्ये गिरणीतल्या बाईला जे मिळाले तेही तेव्हा शेतमजूर बाईला मिळाले नव्हते.

राहिला हिशोबाचा प्रश्न, आणि तो प्रत्येकीला सोडवावा लागतो. २६ आठवडे एकच आहेत. आधी घेतलेला प्रत्येक आठवडा बाळासोबतच्या आठवड्यांतून वजा होतो. म्हणून अनेक जणी ३८ व्या आठवड्यापर्यंत कामावर जातात आणि कायदा त्यांना अडवत नाही. प्रसूतीनंतरच्या ६ आठवड्यांत त्यांना कामावर ठेवायला तो बंदी करतो. आधीच्या आठवड्यांसाठी फक्त ८ ही कमाल मर्यादा घालतो, किमान नाही. बसून काम असेल, घर जवळ असेल तर उशिरा रजा घेणे शहाणपणाचेच आहे. विरारहून चर्चगेटला उभ्याने जाणारीने, किंवा वर्गात दिवसभर उभे राहणाऱ्या शिक्षिकेने दोन-तीन आठवडे आधी थांबल्यास आपण काही गमावले असे समजू नये. दोन आठवड्यांत अख्खी गोधडी होणार नाही. एक टोपडे, दोन दुपटी आणि रोज संध्याकाळचे चालणे होईल, आणि बाळ आठवडाभर उशिरा आले तर तिसऱ्या दुपट्याला कडेने टीप मारून होईल.